चाकांवरचे घर आणि दुसऱ्याचा किनारा

प्रवासाला निघणारा माणूस घर मागे ठेवून जातो आणि पोहोचलेल्या ठिकाणी निवारा, पाणी व अन्न यांसाठी कोणावर तरी अवलंबून राहतो. पाहुण्याने कसे वागावे आणि यजमानाने काय द्यावे यासंबंधीचे बहुतेक संकेत या अवलंबनातूनच निर्माण झालेले आहेत. कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेले मोटारवाहन, हे अवलंबन संपवण्याचे आश्वासन देते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून या प्रकारच्या प्रवासाला राज्यात अधिकृत स्थान मिळाले आहे. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या कुटुंबाने भोरमार्गे वरंध घाट उतरावा, आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडले, दाभोळ ते धोपावे अशा खाड्या फेरीबोटीतून गाडीसह ओलांडाव्यात आणि वाटेल तेथे समुद्राकडे तोंड करून मुक्काम ठोकावा, ही कल्पना आता अशक्य राहिलेली नाही.

अशा प्रवासाने यजमान गावाचे काय होते आणि प्रवासी त्या गावाचे काय लागतो, हा पुढील संवादाचा विषय आहे. संवादातील दोघे, इंदापूर तालुक्यातील एक निवृत्त पाटबंधारे अभियंता आणि बारामतीत तत्त्वज्ञान शिकवणारी त्यांची पुतणी, या विशिष्ट व्यक्ती नसून दोन भूमिका आहेत. काका वाहनाच्या बाजूने बोलतात, पुतणी शंका घेते, आणि वाद पुढे सरकतो तशा दोघांच्याही भूमिका मूळ जागी राहत नाहीत.

काका: किनाऱ्यावर हॉटेल बांधायचे म्हटले की पाया खणावा लागतो, विहीर किंवा बोअर पाडावी लागते, सांडपाण्याचा खड्डा करावा लागतो, आणि पर्यटक येवोत वा न येवोत, ते बांधकाम कायमचे तेथे उभे राहते. याच भीतीपोटी 1991 मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंतच्या बांधकामावर बंधने आली. वाहन मात्र संध्याकाळी येते आणि सकाळी जाते, स्वतःचे पाणी, वीज आणि अंथरूण बरोबर आणते; तेव्हा गावावर सर्वांत कमी भार टाकणारा पाहुणा तोच, असे मानायला काय हरकत आहे?

पुतणी: हरकत नीतीच्या आधी हवामानाची आहे, काका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असल्याने घाम सुकतो, अंग थंड होते आणि रात्री जमीनही निवते. कोकणात पारा पस्तिशीच्या आत राहिला तरी हवेत बाष्प इतके असते की घाम अंगावरून वाहतो पण सुकत नाही, आणि समुद्र सावकाश निवत असल्यामुळे रात्रही उबदार राहते. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे मदत करतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे त्या मानाने मंद असतात. पत्र्याच्या बंद पेटीत अशी रात्र काढायची तर वातानुकूलन लागते. ते किती वीज खाते, हे तुम्हीच सांगा.

काका: लहानात लहान यंत्र सुमारे एक किलोवॉटचे धरले, तर एका रात्रीला पाच ते आठ युनिटे सहज लागतील. वाहनाच्या टपावर चारपाचशे वॉटच्या सौर पट्ट्या बसतात आणि त्यांतून दिवसाला दोनएक युनिटे मिळतात. म्हणजे उरलेल्या विजेसाठी एकतर रात्रभर इंजिन चालू ठेवायचे किंवा गावाच्या खांबावरून जोडणी घ्यायची. या उष्ण किनाऱ्यावर वाहन पूर्ण स्वयंपूर्ण नाही, हे कबूल करावे लागेल.

पुतणी: पाण्याचेही तसेच आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि इंदापुरात 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पाणी तिकडे मुबलक असणार असे पठारावरच्या माणसाला वाटते. पण जांभा हा कोकणातला लाल, सच्छिद्र दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून ते समुद्राला मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर टँकर येतात. समुद्रालगतच्या विहिरीतून उपसा वाढला तर गोड्या पाण्याच्या जागी खारे पाणी शिरते. जल जीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दिवसाला 55 लिटर पाण्याचे मान ठरवले आहे. वाहनाची शंभर लिटरची टाकी गावच्या नळावर भरून घेतली, तर जवळजवळ दोन माणसांचे दिवसभराचे पाणी तिच्यात गेले. शिवाय भांड्यांचे व अंघोळीचे साबणमिश्रित पाणी आणि शौचालयाच्या टाकीतला मैला कुठेतरी रिकामा करावाच लागतो, आणि तो कुठेतरी म्हणजे कोणाचे तरी गाव असते.

काका: मग पाणी घाटावरूनच भरून न्यावे, शिधाही इथूनच न्यावा आणि मैला परत आणून इथल्या मलनिस्सारण व्यवस्थेत सोडावा. ते कष्टाचे आहे, पण अशक्य नाही.

पुतणी: तसे केले तर गावाला काय मिळाले? खानावळीत कोणी जेवले नाही, घरगुती निवासात कोणी उतरले नाही, बाजारातून नारळसुद्धा घेतला नाही. गावाच्या वाट्याला अरुंद रस्त्यावरची अडचण तेवढी आली. म्हणजे प्रवासी गावावर अवलंबून राहिला तर टंचाईच्या दिवसांत गावाचे पाणी ओढतो, आणि अवलंबून राहिला नाही तर गावाची जागा फुकट वापरतो. तर्कशास्त्रात अशा युक्तिवादाला उभयापत्ती म्हणतात: पर्याय दोनच, आणि दोन्ही स्वीकारणाऱ्याला अडचणीत टाकणारे. साध्या भाषेत, इकडे आड आणि तिकडे विहीर.

काका: या अडचणीवर माणसाने फार पूर्वी उपाय शोधलेला आहे, त्याला किंमत म्हणतात. धोरणात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहेच, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेला ठरावीक तळ. तेथे उतरावे, दर असेल तो द्यावा आणि ऋणमुक्त व्हावे.

पुतणी: ज्याच्या हाती पैसे पडले त्याचे ऋण फिटते, काका; पण तळाच्या मालकाची बोअर ज्या भूजलातून पाणी ओढते ते सगळ्या वाडीचे असते, आणि वाडीला त्या दरातले काही मिळत नाही. पैशाने व्यवहार संपतो, म्हणूनच तो अपुरा पडतो. बारामती, फलटण, इंदापूरच्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर कितीतरी पिढ्या याच घाटांनी कोकणात उतरत आले आहेत. त्यांच्यात वाडा म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या कुटुंबांचा गट. त्याचा सारा संसार घोड्यांवर लादलेला असतो. दिवाळीनंतर ते निघतात, भातकापणी होऊन मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरे बसवतात, म्हणजे रात्री वाघर लावून, अर्थात दोरीच्या जाळीचे कुंपण करून, कळप त्या शेतात ठेवतात. लेंडीखत आणि मूत्र जमिनीला मिळते आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोकड देतो. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, तिचे खूर सडतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी वाडा पुन्हा घाट चढतो. घर बरोबर घेऊन किनाऱ्याकडे जाणारा प्रवासी आपल्या भागाला नवा नाही; पाहुणा येतो आणि यजमानच त्याला मोबदला देतो, असा हा प्रवास आहे.

काका: यात चित्र रंगवण्याचा मोह दिसतो. रासायनिक खत आल्यापासून मेंढरे बसवण्याची मागणी घटली, चराऊ रान आकसले, वाटेत भांडणे होतात, मुलांच्या शाळा सुटतात आणि अवकाळी पावसात उघड्यावर रात्री काढाव्या लागतात. ते हौसेने जात नाहीत, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या भागात, चारा संपतो म्हणून जातात. सुट्टीवर निघालेल्या माणसाने त्यांचा दाखला देणे शोभणारे नाही.

पुतणी: त्यांच्या हालांचा दाखला देऊ नये हे मान्य, पण त्यांच्या व्यवहारातली एक गोष्ट हालांवर अवलंबून नाही: पुढच्या वर्षी त्याच वाटेने, बहुधा त्याच शेतकऱ्याच्या बांधावर जायचे असते. मेंढरांनी आंब्याची कलमे खाल्ली तर ती गोष्ट वर्षभराने उंबऱ्यावर वाट पाहत असते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचेही तसेच आहे. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ही मुक्कामाची गावे ठरलेली आहेत, काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि एवढा समुदाय एका रात्रीसाठी पोसायला गाव तयार होते, कारण येणारे दरवर्षी येतात आणि तिथी ठाऊक असते. त्रास तिथेही होतो. उघड्यावरच्या शौचामुळे होणारी घाण ही जुनी तक्रार होती. पण पाहुणा परत येणारच असल्यामुळे ती तक्रार कोणाला सांगायची हे गावाला माहीत होते, आणि त्यातूनच निर्मल वारीसारखी, म्हणजे वारीच्या वाटेवर तात्पुरती शौचालये पुरवणारी, व्यवस्था उभी राहू शकली. कॅम्परव्हॅनचे सारे आकर्षण याच्या उलट आहे: आज आंजर्ले, उद्या गुहागर, परवा आणखी कोणता किनारा, आणि पुन्हा कोणाला तोंड दाखवण्याची गरज नाही. गाडीत शौचालय आहे की नाही, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

काका: म्हणजे कर्तव्याचा उगम अवलंबनात नसून पुन्हा भेटण्यात आहे, असे तुझे म्हणणे झाले. मग आपल्याच तालुक्यांतले दुसरे उदाहरण घे, बाळ. बीड, नगरकडून ऊसतोडणी कामगार दर हंगामाला माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात येतात. काहींचा संसार बैलगाडीतून येतो, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत उतरतो आणि हंगाम संपला की परत जातो. हे लोकही वर्षानुवर्षे परत येतात. तरीही कोपीला नळ आणि शौचालय मिळवण्यासाठी आजही झगडावे लागते. पुन्हा येण्याने नाते तयार होत असते, तर ते इथे का झाले नाही?

पुतणी: हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने आधीचे म्हणणे अपुरे ठरते. तोडणी कामगाराने मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पुढच्या वर्षी येऊ की नको हे ठरवण्याची मोकळीक त्याला नसते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या परत येण्याला नाते म्हणता येणार नाही. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1795 मध्ये चिरस्थायी शांततेवर लिहिताना परक्या भूमीवर येणाऱ्याच्या दोन अधिकारांत फरक केला होता. पृथ्वीचा पृष्ठभाग मर्यादित आणि सर्वांचा असल्यामुळे कोणीही कुठेही गेला तरी त्याला शत्रू मानले जाऊ नये, हा भेटीचा अधिकार. पण तेथे राहू दिले जावे, हा पाहुणेपणाचा अधिकार कोणालाही आपोआप नसतो, त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. रस्त्यावरून जाणे आणि रात्री थांबणे यांत हाच फरक आहे. गावाला नाही म्हणता आले पाहिजे, पाहुण्यालाही नाही म्हणता आले पाहिजे, आणि एवढे असून दोघांनी पुन्हा भेटायचे ठरवले, तरच त्या परतण्याला नैतिक वजन येते.

काका: तत्त्व म्हणून हे पटते, पण गावाच्या वतीने नाही म्हणणारे तोंड कोणाचे? सरपंचाने होकार द्यावा, जमीनमालकाने भाडे घ्यावे, आणि ज्या मोकळ्या वाळूत गाडी उभी राहते तीच कोळणींची मासळी सुकवण्याची जागा असावी, असे सहज घडेल. त्यांना विचारायला कोणी जाणार नाही, कारण कागदावर ती जागा त्यांची नसते.

पुतणी: म्हणूनच परवानगी कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे मागून भागत नाही, त्या जागेवर ज्यांचे रोजचे काम चालते त्यांच्याकडे ती मागावी लागते. एका रात्रीसाठी येणाऱ्याला ती कोणाकडे मागावी हे कळणारही नाही; चौथ्यांदा येणाऱ्याला कळेल. मुक्काम थोडे असावेत, तेच ते असावेत आणि प्रत्येक ठिकाणी काही दिवसांचे असावेत, या आग्रहामागे हे व्यावहारिक कारणही आहे.

काका: तसे केले तर वाहन उरेल, पण वाटेल तेथे जाण्याचे स्वातंत्र्य उरणार नाही, आणि त्यासाठीच तर लोक ते घेतात. तेवढी किंमत मोजायला हवी, असे तुझे बोलणे ऐकून वाटू लागले आहे. तरी एक गाठ सुटत नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. चाकांनी वाळू दबली तर घरट्यातून वर येणारी पिल्ले अडकतात, आणि दिव्यांच्या उजेडाने ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. त्यांना होकार नाही, नकार नाही, आणि दरवर्षी येणारा पाहुणा ओळखीचा असण्याचा त्यांना उपयोग नाही.

पुतणी: तेथे नात्याची भाषा संपते आणि बंदीची सुरू होते, हे मान्य करावे लागेल. ज्याला बोलता येते त्याच्याशी बोलून ठरवावे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी वाळूत चाक जाऊ नये असा नियम असावा आणि तो गावकऱ्यालाही तितकाच लागू असावा.

काका: आणि गावाने तोच नियम मोडून गाडी वाळूत उतरवायला सांगितले, तर?

पुतणी: तर त्या वेळी नाही म्हणण्याची पाळी पाहुण्याची असेल, काका, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावी जाण्याची तयारी ठेवून ते म्हणावे लागेल.