स्वस्त आणि स्वस्थ

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी वसाहतीतील घराचे रूप चार दिवसांत पालटते. काल दिवाणखान्यात असलेले कपाट आज व्हरांड्यात येते. त्याच्या शेजारी मुलांना लहान झालेली सायकल, शिवणयंत्र आणि कुंड्या येऊन बसतात. शेजारीपाजारी संध्याकाळच्या फेरफटक्याचे निमित्त करून डोकावू लागतात. अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये नको असलेल्या वस्तू मांडून विकण्याची रीत आहे. आपल्या नोकरीत गॅरेज नसले तरी ती रीत मात्र आहे. महाराष्ट्राबाहेर दहावीस वर्षे काढलेल्या आम्हां मंडळींच्या घरांतील निम्मे सामान अशाच कोणाच्या बदलीतून आलेले असते, आणि ते किती स्वस्तात मिळाले याची कथा पाहुण्याला चहाबरोबर ऐकावीच लागते.

या आनंदाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक पडू लागला की ती विकणाऱ्याला जड होते आणि घेणाऱ्याच्या उपयोगी पडते. येथे दोघांचेही हित साधते. दिल्लीत २०१९ पर्यंत दर्यागंजच्या पदपथांवर भरणारा आणि त्याच वर्षी आसफ अली मार्गावरील महिला हाटात हलविलेला रविवारचा पुस्तकबाजार घ्या. तेथील विक्रेता व्यापारालाच बसलेला असतो. पुस्तक उचलताना आपले डोळे कसे चमकले हे तो आपल्या आधी ओळखतो. त्याच्याशी घासाघीस करावी. ती बरोबरीची लढत आहे.

परंतु प्रत्येक स्वस्ताई अशी निर्मळ नसते. तिचा उगम वस्तूच्या निरुपयोगात नसून पुष्कळदा विकणाऱ्याच्या नडीत, भिडेत किंवा अज्ञानात असतो. परवा गाडीत बसायचेच आहे हे ठाऊक असल्यामुळे आपण मुद्दाम आदल्या रात्री भाव विचारायला जातो; ती नड. हाताखालचा कारकून साहेबांकडून किंमत मागायला संकोचतो आणि 'साहेब, आपण द्याल ते' म्हणतो, ती भीड. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील अठरावा नियम ठरावीक किमतीपलीकडील जंगम वस्तूंच्या व्यवहारांची दखल घेतो, आणि समोरची व्यक्ती कामकाजाच्या संबंधातील असेल तर पूर्वपरवानगी मागतो. पण कारकुनाची जुनी सायकल त्या मर्यादेत कशी यावी? तेथे नियम संपतो आणि आपली आपल्याशीच गाठ पडते.

अज्ञानाचे उदाहरण आम्हांला दूर शोधावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका वसाहतीत एक मराठी अधिकारी वारले. निवासस्थान सोडण्याची मुदत जवळ आली तेव्हा त्यांच्या पत्नीने घरातील सामान काढले. आम्ही सांत्वनाला म्हणून गेलो होतो. कोपऱ्यात कबाडीवाल्यासाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. १८५७ ची दुसरी आवृत्ती, मूळ छपाईची. आम्ही तो मागितला. वहिनी म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला यातले काही कळत नाही. काय द्यायचे ते तुम्हीच सांगा." आम्ही म्हणालो, "तसा रद्दीचाच भाव." चाळीस रुपये देऊन कोश काखेत मारून आम्ही घरी आलो. पुढच्या रविवारी एका व्यापाऱ्याला तो सहज दाखविला, तर त्याने जागच्या जागी तीन हजार देऊ केले.

वस्तू स्वस्त मिळाली; मन मात्र स्वस्थ राहीना. आम्ही कायद्याचा आधार शोधला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमात एक दृष्टान्त आहे: हजार रुपयांचा घोडा कोणी दहा रुपयांना विकण्याचे कबूल केले आणि त्याची संमती मोकळी असेल, तर केवळ किंमत अपुरी म्हणून करार मोडत नाही. सतरावे कलम सांगते की नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु तेच कलम पुढे म्हणते, बोलणे हे कर्तव्य असेल तर गोष्ट निराळी. आणि आम्ही तर मौनही पाळले नव्हते. विचारले गेले होते, आणि आम्ही उत्तर दिले होते.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी संत ऑगस्टिन याने आपल्या 'त्रित्वा'वरील ग्रंथात एका नटाची गोष्ट सांगितली आहे. सर्वांच्या मनात काय आहे ते सांगेन, असे जाहीर करून त्याने गर्दी जमविली आणि सांगितले: तुम्हां सर्वांना स्वस्त घ्यायचे आहे आणि महाग विकायचे आहे. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मात्र ऑगस्टिन तेथेच पुढे लिहितो की, आपल्या माहितीतील एका माणसाला एक हस्तलिखित विकत मिळत होते. विकणाऱ्याला मोल ठाऊक नसल्यामुळे तो थोडेच मागत होता, तरी त्या माणसाने योग्य ती पूर्ण किंमत दिली. सर्वांच्या मनात असलेली गोष्ट सर्वांना करावीच लागते असे नाही, एवढे त्या एका माणसाने सिद्ध केले.

यावर कोणी म्हणेल, पारख ही कष्टाने मिळविलेली विद्या आहे. तिचे फळ का घेऊ नये? घ्यावे, जेथे समोरचाही आपली पारख घेऊन बसला आहे तेथे अवश्य घ्यावे. पण ज्या घरी आपण ग्राहक म्हणून नव्हे, तर आपले माणूस म्हणून आत गेलो, तेथे आपली विद्या त्या घराच्या बाजूची झाली. ती घराविरुद्ध वापरणे म्हणजे विश्वासाचाच सौदा करणे होय.

आठव्या दिवशी आम्ही परत गेलो, सारे सांगितले आणि उरलेले पैसे पुढे ठेवले. मनात असे होते की वहिनी नको म्हणतील, आम्ही आग्रह करू, आणि आमच्या सौजन्याची थोडी वाहवा होईल. तसे काही झाले नाही. त्यांनी पैसे घेतले, शांतपणे मोजले, कपाटात ठेवले आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या क्षणी आम्ही किंचित हिरमुसलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु परतताना उमगले की त्यांचेच वागणे बरोबर होते. आम्ही देणगी घेऊन गेलो नव्हतो. आठ दिवस आमच्याकडे राहिलेले त्यांचे पैसे परत करायला गेलो होतो. कर्ज फेडणाऱ्याची वाहवा कोण करतो?

तो कोश आजही आमच्या टेबलावर आहे. पाहुणे किंमत विचारतात, तेव्हा आम्ही पूर्ण आकडा सांगतो. 'महाग पडला' म्हणून ते हळहळतात; आम्ही चहा पुढे करतो.