कोळंबीचा वाटा आणि धर्मव्याध



आजचं वाचन महाभारतातलं, वनपर्वातलं. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात ती धर्मव्याधाची गोष्ट. बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते, पुढे लागणार आहे.

कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली वेदपठण करत असतो. वरून एक बगळी त्याच्या अंगावर घाण करते. हा रागाने वर बघतो आणि ती मरून पडते. मग भिक्षेला एका घरी जातो. घरातली बाई नवऱ्याला वाढण्यात गुंतलेली, त्यामुळे थांबावं लागतं. पुन्हा राग. ती शांतपणे म्हणते, महाराज, मी काही ती बगळी नाही! आणि धर्म शिकायचा तर मिथिलेला जा म्हणून सांगते. तिथे कोणाकडे? तर बाजारात मांस विकत बसलेल्या एका व्याधाकडे.

पहिल्यांदा वाचली तेव्हा "किती छान" म्हणून पान उलटलं होतं. गेल्या बुधवारी मात्र परत काढावी लागली.

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी वारीला गेले, परत आल्यावर माळ घातली आणि मासे सोडले. आमचं घर मूळचं मालवणकडचं, तेव्हा हे सोपं नव्हतं, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. आई तेव्हा नव्हती, घरात मी आणि बाबा. मी ठरवलं की यापुढे आपल्या ओट्यावर मासे शिजणार नाहीत. बाबांना विचारलं नाही, सांगितलं. ते "बरं" म्हणाले. आईचा माशांचा लोखंडी तवा पेपरात गुंडाळून मी माळ्यावर टाकला. त्यानंतर दर रविवारी दुपारी बाबा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे आणि स्टेशनजवळच्या खानावळीत जेवून यायचे. मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. वर मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे की आमचे बाबा खूप समजूतदार आहेत.

दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन झालं. हर्नियाचं, फार मोठं नाही, पण नंतर जेवणच जाईना. डॉक्टर म्हणाले प्रोटीन वाढवा, अंडी-मासे खाल्ले तरी चालतील, फक्त फार तिखट-तेलकट नको. मी पनीर केलं, मुगाचे डोसे केले, सोयाबीन केलं. दोन घास खायचे आणि "छान झालंय" म्हणून ताट सरकवायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली होती.

बुधवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, "आज वार कोणता गं?"

"बुधवार."

"अच्छा."

बस, एवढंच. आता आमच्याकडच्या घरांत हा प्रश्न कॅलेंडरचा नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी वजा करून जे दिवस उरतात, त्यांचा असतो. कार्तिकीही होऊन गेली होती, म्हणजे चातुर्मासाचं कारणसुद्धा माझ्याकडे उरलं नव्हतं.

पहिला विचार आला तो ऑर्डर करण्याचा. अ‍ॅपवर दोन मिनिटांचं काम. बाबा खातील, माझे हातही लागणार नाहीत. फोन हातात घेतला, कोळंबी फ्राय शोधलीसुद्धा, आणि तिथेच अडकले. कोणाचे तरी हात लागणारच होते ना? ती कोळंबी कोणीतरी सोलणार, कोणीतरी तळणार, कोणीतरी उन्हातून आणून देणार. मला फक्त ते बघायचं नव्हतं. वर ते हॉटेलचं तेल.

म्हणून परत वनपर्व उघडलं. धर्मव्याध स्वतःचं समर्थन कसं करतो ते मला बघायचं होतं, आणि खरं सांगू, मला त्यातून सूट हवी होती. ती मिळाली नाही. आपला धंदा घोर आहे हे तो कौशिकासमोर सरळ कबूल करतो. आपण स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि मांस खात नाही, हेही सांगतो. (इथे मी दचकले. न खाणारा, पण हाताळणारा!) मग म्हणतो की नांगर चालवला तरी जमिनीतले जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, अहिंसेचं व्रत घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच, फक्त प्रयत्नाने ती कमी करता येते. यावरून "मग सगळंच चालतं" असा अर्थ काढणारे लोक मला भेटलेत. मला तो तसा दिसत नाही. कमी करायचा प्रयत्न त्याने कुठेही माफ केलेला नाही.

पण या सगळ्या चर्चेनंतर तो कौशिकाला घरी नेतो. जेवून तृप्त बसलेले म्हातारे आईवडील दाखवतो आणि म्हणतो, हेच माझे देव. आणि त्यापुढचा भाग मी मागच्या वेळी चक्क विसरले होते. व्याध त्याला म्हणतो, तू आईवडिलांची परवानगी न घेता वेद शिकायला निघून आलास, तुझ्या शोकाने ते आंधळे झालेत, आधी घरी जा.

मी पुस्तक मिटलं आणि मार्केटला गेले.

मासेवाल्या मावशीने गळ्यातली माळ बघितली. "कुनासाठी?" "बाबांसाठी. आजारी आहेत." तिने वाट्यावर चार कोळंब्या जास्त टाकल्या आणि सोलून दिल्या.

घरी आल्यावर माळ काढून ठेवायचं एकदा मनात आलं. पण मग ती कोणापासून लपवणार होते मी? पांडुरंगापासून? राहू दिली.

पाठीतला काळा दोरा एकेक करून काढला. हात थरथरत होते, हे लिहायला लाज वाटत नाही. या एवढ्याशा जिवांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. गीतेच्या 3.13 मध्ये फक्त स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो असं म्हटलंय. मी स्वतःसाठी शिजवत नव्हते, पण या श्लोकाआड लपणंही मला खरं वाटेना.

हळद, मीठ, लिंबू, आलं-लसणाचं वाटण, मालवणी मसाला अर्धाच चमचा. पंधरा मिनिटं मुरवलं. रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवलं. माळ्यावरून तवा काढून घासला, तापवला, थोडंसं तेल. कोळंबीला वेळ लागत नाही, एका बाजूला दोन मिनिटं पुरतात. राखाडी रंग जाऊन नारिंगी येतो. चंद्रकोरीइतकी वाकली की झाली, पूर्ण गोल वळली की रबर. आई हे सांगायची. तो वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी आलं. तीन वर्षांनी! 3.6 मध्ये इंद्रियं आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला काय म्हटलंय, ते तुम्हीच बघा. मी गॅसपाशी उभी राहून हसले.

पंचाईत एकच, मीठ चाखून बघता येईना.

बाबांना टेबलाशी बोलावलं. ताट बघून ते माझ्याकडे बघत राहिले. मी माझा वरणभात घेऊन समोर बसले. बुधवारी दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवतोय, हेच किती दिवसांनी.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले.

"हो का? मला कळलंच नाही."

"तुझ्या आईचा पण पहिला घाणा अळणीच असायचा." दुसरी उचलली. तिसरी.

मी विचारलं, "खानावळीतली चांगली असते का?"

"तिथे मी बांगडा घ्यायचो. कोळंबी कधी नाही घेतली." मग जरा थांबून म्हणाले, "कोळंबी घरचीच."

मला काही बोलता आलं नाही. उठले, राहिलेल्या कोळंब्यांवर मीठ भुरभुरलं आणि दुसरा घाणा तव्यावर सोडला.

राम कृष्ण हरी.