बार उडाल्यानंतरचं पाणी

चि. सायली,

बोगद्याच्या कामावर पर्यावरणाची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. धूळ आणि आवाज यांच्या नोंदी तुला सगळेच मागतील. मी लिहितोय ते बाहेर ओतलेल्या दगडाच्या ढिगाबद्दल.

कोकणात एका बोगद्यावर होतो. डंपर मलबा आणून वहाळाच्या काठाला टाकत. मृगाचा पाऊस झाला आणि पंधरवड्यात ढिगाखालचे खडक हिरव्या शेवाळानं बुळबुळीत झाले. वरच्या अंगाला तोच वहाळ, तेच ऊन, पण शेवाळाचं नाव नाही. दगडाला खत कुणी घातलं, हे आमच्यापैकी कुणालाच उमगलं नाही. मलाही नाही, याची आजही रुखरुख आहे.

खत सुरुंगातलं होतं. डिझेल मिसळलेल्या नेहमीच्या दारूत 100 किलोला सुमारे 94 किलो अमोनियम नायट्रेट असतं, आणि त्याच्या वजनाचा 35 टक्के भाग नायट्रोजन. भोक भरताना सांडलेलं, ओल्या भोकात विरघळलेलं, फुसक्या बारात तसंच राहिलेलं, सगळं दगडाला चिकटून बाहेर येतं आणि पावसात धुऊन निघतं.

हिशेब करून बघ. एक किलो अमोनियम नायट्रेट म्हणजे चारेक ओंजळी दाणे. त्यात 775 ग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे तेवढ्या दाण्यांनी 17,000 लिटर शुद्ध पाणी मर्यादेला टेकतं. खालच्या वाडीत तान्ही मुलं असतील तर ही मर्यादा त्यांच्यासाठीच आहे असं समज. राहिलेला अमोनियमचा भाग माशांच्या मुळावर येतो. बोगद्यात सिमेंटचा फवारा मारतात, त्यानं पाण्याचा सामू चढतो, आणि सामू सव्वानऊच्या आसपास गेला की निम्मं अमोनियम विषारी अमोनिया झालेलं असतं.

गाळ बसवायचं तळं तुला अभिमानानं दाखवतील. त्यात माती बसते, नायट्रेट नाही. पाणी निवळशंख दिसलं तरी बाटली भरून तपासायला पाठव. स्वीडनमध्ये किरुनाच्या लोखंडाच्या खाणीवर असं पाणी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या चरातून सोडून पाहिलंय. तिथले जिवाणू लाकडावर जगतात आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. सुंदर युक्ती आहे, पण थंडीत मंदावते, आणि पाणी घाईनं वाहिलं तर काम अर्धवट राहतं.

म्हणून तू भोकापाशी उभी राहा. ओल्या भोकात सुटे दाणे भरू देऊ नकोस, तिथे इमल्शनची दारू वापरायला लाव. सांडलेलं झाडून गोळा करायला लाव, पाण्याच्या फवाऱ्यानं ढकलू देऊ नकोस. भरणाऱ्या पोरांना वरचा हिशेब ओंजळीनं दाखव, लगेच पटतो.

ढीग कुठे टाकणार ते ठरलं का? पहिला पाऊस पडायच्या आत खालच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन ठेव आणि आकडा मला कळव.

तुझा,
काका