घाव घालणाराचे कर्तव्य

“टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही” ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तीत दगडाच्या सहनशीलतेची स्तुती आहे. परंतु घाव घालणाराचे कर्तव्य काय, याविषयी ती काहीच सांगत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वेरूळ येथील 10 व्या लेण्यास लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात; कारण त्याच्या छतास लाकडी वाशांसारखे दगडी वासे कोरिले आहेत. आकार एक, पण पदार्थ निराळा. सुताराचा वाकडा गेलेला खिळा उपटिता येतो. खडकाची उडालेली कपची पुनः बसत नाही. यास्तव जाणता कारागीर खडक फोडावयास घण घेतो, नक्षीस हलकी हातोडी. आणि लाकडी मुठीच्या पटाशीवर तो लाकडी मोगरीच चालवितो, कारण लोखंडाच्या माराने मूठ फुटते.

तर मग, वाचकहो, जो बाप, पंतोजी किंवा धनी सर्वांवर एकच घण चालवितो आणि वर ही म्हण सांगतो, तो न्यायाने वागतो काय? रागाच्या भरात लेकराच्या मनाची उडविलेली कपची मागाहून बोललेल्या गोड शब्दांनी बसत नाही. यास्तव कोणास बोल लावण्यापूर्वी, आपल्या हाती घण आहे की मोगरी, हे प्रत्येकाने पाहावे.