गोडे पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा नावाचा मुलूख आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूची कितीतरी गावे त्यात येतात. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आम्हां घाटावरच्या लोकांना पाण्याची टंचाई ठाऊक आहे. परंतु आमचे पाणी गोडे असते, आणि म्हणूनच त्याला 'गोडे' असे कोणी म्हणत नाही. नुसते पाणी!

ईश्वराच्या रोजच्या देण्याचे असेच आहे. लोणारचे सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची ती करणी, पण देशभर बातमी झाली. त्याच सरोवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहते. तिची बातमी कोण देणार?

नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाचे मन अशा गुलाबी पाण्याकडे फार ओढ घेते, आणि त्याला धीर देणारी मंडळीही त्याला तेच दाखवीत असतात. खारपाणपट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी हा विश्वास स्वीकारला. मंडळींनी प्रेमाने सांगितले, "आता तुझं सगळं सुरळीत होईल." पहिल्या वर्षी सोयाबीन खरोखरच चांगले आले, आणि त्याने भर सभेत उभे राहून तशी साक्ष दिली. दुसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर पावसाने झोडपले, शेंगांतच कोंब फुटले. दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुर्जी, माही प्रार्थना कमी पडली का?"

मी साधा शाळामास्तर. धर्मशास्त्राची मोठाली पुस्तके माझ्या वाचनात नाहीत. तरी या प्रश्नात एक गोम आहे, ती मला दिसली. बांधापलीकडच्या शेजाऱ्याचे सोयाबीनही त्याच पावसात कुजले होते, आणि त्या बिचाऱ्याने तर देव बदलला नव्हता. आदल्या वर्षी तेही तितकेच चांगले आले होते. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेच आहे की बाप आपला सूर्य बऱ्यावाईटावर सारखाच उगवतो आणि पाऊसही दोघांवर पाडतो. मग पिकाला विश्वासाची पावती समजायचे कसे? ती तर जमाखर्चाची वही झाली, आणि अशी वही पहिल्या दुष्काळात फाटते.

उद्या माझेच शेत वाचले आणि शेजाऱ्याचे गेले, तर मी देवाचे आभार मानावेत की नाही? मानावेत असे मला वाटते. पण शेजारी ऐकत असताना जे आभार मोठ्याने म्हणता येत नाहीत, त्यांत बढाईचा अंश आहे हे ओळखावे.

इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे तो रोजच्यापुरता. शब्बाथाचा अपवाद सोडला, तर रात्रभर साठवलेल्यात किडे पडत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणे आहे ते रोजच्या भाकरीचे, कोठार भरण्याचे नाही. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'भाकर' हा शब्द घातला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्वारी पेरणारा एक, कापणारी दुसरी, दळणारा तिसरा, थापणारी घरची. देवाच्या हातून ताटात पडेपर्यंत ती भाकर किती माणसांच्या हातांतून येते! त्यांतले बहुतेक हात आपल्या उपासनेला कधी येत नाहीत.

त्या दिवशी हे बोलणे चालू असतानाच शेजारच्या घरून फराळाचे ताट आले. घ्यावे की न घ्यावे? मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी घेऊ नये म्हणून बजावले होते. पौलाने करिंथकरांना लिहिताना हा विषय बराच घोळला आहे: पुढे वाढलेले शंका न काढता खावे, मात्र ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या मनाला जपून थांबावे. चकलीला अशी कोणती अडचण होती ते मला तरी कळेना.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षे ताटातुटीची. पुन्हा नवऱ्याजवळ आल्यावरही त्यांनी सोवळे आणि वेगळी चूल सांभाळली होती. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना पटले ते बाप्तिस्म्याच्या आधी. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे हा निश्चय पहिला. आणि टिळक स्वतः ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून, असे सांगत. अशा माणसांच्या वारसांनी नवख्या विश्वासणाऱ्याला पहिला धडा द्यायचा, तो शेजाऱ्याचे ताट परत पाठवण्याचा? येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच आभार मानायला परतला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका!

मी हे सारे त्या शेतकऱ्याला समजावून सांगत होतो. तो मान हलवीत होता, मधूनच दाराकडे पाहत होता. मग म्हणाला, "गुर्जी, आमच्या घरी गोडं पानी त्याहीच्याच नळाचं येते. दोन हंडे, रोज."

त्याच्या बायकोने आमचे बोलणे संपण्याची वाट पाहिली नव्हती. तिने चकल्या डब्यात काढून घेतल्या होत्या, आणि ताट रिकामे कसे परत करायचे म्हणून त्यात नव्या मुगाचे ओंजळभर दाणे घालून ती शेजारी निघालीही होती.