तुझं त्यात नेमकं काय?

सातपूर, नाशिक

चि. बाळ,


तुझं पत्र आलं त्या दिवसापासून त्यासोबतचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर काचेखाली आहे. सकाळी चहा घेताना बघतो, रात्री दिवा मालवण्याआधी पुन्हा बघतो. तू विचारलंस, "आबा, माझ्या नोझलला पेटंट मिळेल का?" हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता. पण त्याआधी तुला दुसऱ्या एका प्रश्नाला भिडावं लागेल आणि त्याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. त्या नोझलमध्ये तुझं नेमकं काय आहे?

माळ्यावरून माझी जुनी गनमेटलची फॉग ब्रँच, म्हणजे आग विझवायचं धुक्याचं नोझल, काढली आणि पान्याने खोलली. बाहेरची स्लीव्ह फिरवली की सरळ जेटपासून धुक्यापर्यंत पाणी पसरत जातं. आत मधोमध दांडी, तिच्या टोकाला बशीसारखी चकती. पाणी त्या चकतीवर आपटतं, कडेच्या गोल फटीतून बाहेर पडतं आणि ओठावरचे दाते त्याचे तुकडे करतात. फटीत टाचणी फिरवली तर रेतीचे दोन कण आणि शेवाळाचा वाळलेला धागा निघाला. तुझं सगळं काम या दोन कणांभोवतीच आहे. आग लागली की बंब मिळेल तिथून भरतात. हायड्रंट असला तर ठीक, नाहीतर विहीर, कालवा, शेततळं. जाळीतून निसटलेली रेती फटीत बसते, फवारा एका अंगाने तुटतो, आणि धुरात उभ्या असलेल्या फायरमनला हातमोज्यांनी स्लीव्ह फिरवून ती धुऊन काढावी लागते. तेवढा वेळ त्याच्या आणि आगीच्या मध्ये पाण्याचा पडदा नसतो. तू तिरक्या खाचांची रिंग स्प्रिंगवर बसवलीस. कचरा अडकला की मागचा दाब वाढतो, रिंग पुढे सरकते, वाट रुंदावते, कचरा निघून जातो आणि रिंग परत जागेवर येते. फायरमनने काही करायचं नाही. वाचून फार बरं वाटलं, कारण तू दुखणं बरोबर जागी धरलंस.

आता फवाऱ्यातल्या थेंबाकडे बघ. एक लिटर पाण्याचे एक मिलिमीटर जाडीचे थेंब केले तर त्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६ चौरस मीटर. अर्ध्या मिलिमीटरचे केले तर तेवढ्याच पाण्याचा १२. पृष्ठभाग वाढला की उष्णता झपाट्याने ओढली जाते. लिटरभर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता पितं आणि वाफेचा आकार पाण्याच्या १,७०० पट होतो. मग थेंब धुळीसारखे बारीक का करू नयेत? कारण आगीवरची तापलेली हवा वर उसळत असते, ती त्यांना उडवून नेते आणि बुडाशी निखारे तसेच राहतात. फार मोठे थेंब बुडापर्यंत जातात खरे, पण त्यातलं बरंचसं पाणी न तापताच वाहून जातं.

हे आपल्याकडच्या द्राक्षवाल्याला पुस्तक न वाचता कळतं. ब्लोअर मारताना थेंब फार बारीक झाला तर औषध वाऱ्यावर शेजारच्या बागेत जातं, जाड झाला तर पानावरून ओघळतं. नोझलच्या आतली पाणी फिरवणारी चकती, तिच्या तिरक्या खाचा, हे दिंडोरी-पिंपळगावच्या कुठल्याही फवारणीच्या दुकानात पुडीत मिळतं. म्हणून सांगतो, तिरक्या खाचा तुझ्या नाहीत. स्प्रिंगही तुझी नाही. प्रवाह कमी-जास्त झाला तरी दाब एकसारखा राखणारी स्प्रिंगची नोझल कित्येक दशकं बंबांवर आहेत. कचरा धुऊन काढायची सोयही जुनी आहे, फक्त ती हाताने करावी लागते. हे वाचून खट्टू होऊ नकोस. नवीन वस्तू बहुतेक वेळा जुन्याच सुट्या भागांची असते.

इथे तुला मिर्झापूरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या तांबट आळीसारखीच तिथेही भांड्यांची वस्ती. उथळ थाळी फिरवून घासायची तर ती यंत्राच्या फिरत्या हेडस्टॉकला सिमेंटसारख्या पदार्थाने चिकटवायचे किंवा चकच्या जबड्यात धरायचे. फिरता फिरता थाळी सुटायची आणि उडून कामगाराला लागायची. तिथल्या एका कारखान्याने समोरच्या बाजूने टेलस्टॉक आणून दाबाच्या दांडीने थाळी धरून ठेवायची युक्ती काढली आणि १९५१ साली पेटंटचा अर्ज केला. पेटंट मिळालं. पुढे गावातल्याच दुसऱ्या कारखान्याने तसंच यंत्र वापरलं म्हणून खटला झाला. उच्च न्यायालयात आधी एक निकाल, अपिलात दुसरा. शेवटी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्दच केलं. बिश्वनाथ प्रसाद राधे श्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला. न्यायालयाचं म्हणणं असं की टेलस्टॉक लेथवर पूर्वीपासून होता, त्यात थोडा फेरफार करून तो इथे आणणं हे हुशार कारागिराने कारखान्यात सहज केलेली सुधारणा झाली, शोध नव्हे.

तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. ज्या युक्तीने माणसांचे हात वाचले ती शोध नाही? मी आयुष्यभर टूलरूममध्ये अशाच सुधारणा केल्या. पण पुन्हा वाचला तेव्हा पटलं. उपयोगी असणं वेगळं आणि शोध असणं वेगळं. प्रत्येक चांगल्या फेरफारावर कुणीतरी २० वर्षांची मालकी सांगू लागला तर कारागिराला पान्याला हात लावायची सोय राहणार नाही. खटला १९११ च्या जुन्या कायद्याखालचा होता, पण आजच्या १९७० च्या कायद्यातही कसोटी तीच आहे: वस्तू नवी हवी, उद्योगात करता येण्याजोगी हवी, आणि त्या कामातल्या जाणकाराला आपसूक सुचणार नाही अशी हवी. त्यातच कलम ३ मधलं एक पोटकलम थेट तुझ्यासमोर उभं आहे. माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध होत नाही.

आता तुझी रिंग त्या पोटकलमासमोर धरून बघ. खाचा पाणी फिरवतात, स्प्रिंग दाब सांभाळते, वाट उघडून कचरा जातो, एवढंच असेल तर तीन जुन्या गोष्टी एका नळीत आल्या. पण तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर, खाली, घाईघाईत लिहिलेलं एक वाक्य आहे. रिंग पुढे सरकते तेव्हा ती खाचांच्या तिरपेपणामुळे थोडी वळते आणि त्या वळण्याने अडकलेला कण कडेवरून सुटतो, तरीही फवारा तुटत नाही. बाळ, तुझं काही असेल तर ते इथे आहे. खाचेमुळे स्प्रिंगचं काम बदलतंय आणि स्प्रिंगमुळे खाचेचं. एकटीने कुणालाच न जमणारं काम दोघी मिळून करताहेत. तू ते शेवटी लिहिलंस. अर्जात ते सगळ्यात आधी यायला हवं.

हे आधीच कुणी केलंय का ते शोधायला पेटंट कार्यालयाची इनपास ही साइट फुकट आहे. आग विझवण्याच्या नोझलचा वर्ग ए६२सी ३१/०२. तिथेच थांबू नकोस. फवारणीचा सर्वसाधारण वर्ग बी०५बी आणि कीटकनाशक फवारणीचा ए०१एम ७ हेही चाळ. परीक्षक द्राक्षबागेचं नोझल तुझ्यासमोर ठेवू शकतो, आणि ठेवलं तर ते योग्यच आहे.

क्लेम, म्हणजे अर्जातले हक्काचे दावे, लिहिताना हात जपून चालव. "स्प्रिंगवरची खाचांची रिंग असलेलं नोझल" एवढं मोघम लिहिलंस तर जुनं काहीतरी त्यात सापडेलच. "३० अंशांच्या सहा खाचा" असं लिहिलंस तर अंबडच्या कारखान्यांतला कुणीही ३५ अंशांच्या सात खाचा पाडून मोकळा होईल. बाहेरच्या देखण्या आकारासाठी डिझाइनची वेगळी नोंदणी असते, ती डोळ्याला दिसणाऱ्या रूपापुरती. आतल्या रिंगला तिचा आधार नाही. आणि आयएसआय खूण ही त्याहून निराळी गोष्ट; फॉग नोझलचं मानक आयएस ९५२ आहे, पण मानकात बसणं म्हणजे शोध असणं नव्हे.

आता ज्यासाठी हे पत्र आज रात्रीच पुरं करतोय ते. तू लिहिलंस की अग्निशमन सेवा सप्ताहात कॉलेजच्या प्रदर्शनात नोझल चालवून दाखवणार आणि जमलं तर शिंगाडा तलावच्या अग्निशमन केंद्रावर जवानांनाही दाखवणार. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणाचा तो सप्ताह आहे. त्या दिवसांत तुला हे जवानांपुढे न्यावंसं वाटलं याचा मला अभिमान वाटतो. पण अर्ज दाखल होईपर्यंत दाखवू नकोस. एकदा चारचौघांत उघड झालं की ते नवं राहत नाही. काही सवलती कायद्यात आहेत, पण प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, कॉलेजच्या हॉलला ती लागू होत नाही.

मी हे भोगलंय. तरुणपणी पंपाच्या गाळणीसाठी एक कडी केली होती. चांगली चालली. दीड वर्ष गिऱ्हाइकांना देत होतो, मग पेटंटचं मनात आलं. सल्लागाराने पहिलाच प्रश्न विचारला, पहिला नग कधी विकला? मी तारीख सांगितली आणि त्यांनी वही मिटली. ते माझ्याशी फार सौम्यपणे बोलले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या कडीत खरंच माझं काही होतं की नाही हे मला आजही कळलेलं नाही, कारण ते तपासण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. तुझं तसं होऊ नये.

तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला फी १,६०० रुपये. तारीख तिथून धरतात आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मात्र त्यात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख लागत नाही, म्हणून अर्ध्या पानात उरकू नकोस. रिंगचं वळणं, स्प्रिंगची ताकद, खाचेची रुंदी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, सगळं लिही. अर्जदार तू की कॉलेज हे सरांना आधी विचार आणि कागदावर घे. शोधक म्हणून तुझं नाव कुठल्याही परिस्थितीत असलंच पाहिजे.

येत्या रविवारी ये. अंगणात जुनी ब्रँच आणि तुझं नोझल एकाच पंपावर लावू. बादलीत मोजून रेती टाकायची, दोन्हींना सारखीच, आणि प्रेशर गेजचा काटा दर दहा सेकंदांनी वहीत उतरवायचा. समोर ओळीने बाटल्या मांडू म्हणजे फवारा कुठे तुटतो ते पाण्याच्या पातळीवरून दिसेल. द्राक्षवाल्या मित्राकडून ते पिवळे कागदही मागवलेत, थेंब पडला की निळे होणारे. त्यांच्यापुढे पाटी धरून क्षणभरच उघडायची. स्प्रिंगा तीन वेगवेगळ्या ताकदीच्या आण. नोझल कापडी पिशवीत घालून आण आणि बसमध्ये कुणी विचारलं तर नळाचा भाग आहे म्हण.

तुझा,
आबा