हातांना दिलेले दान

जे दान पैसा मिळवून देत नाही आणि नावलौकिकही देत नाही, ते वापरण्याचे बंधन मनुष्यावर आहे काय? रंगांची जाण, कोरण्याचा हात, विणण्याचे कसब या देणग्या संसाराच्या रगाड्यात मागे पडल्या, तर त्यात कोणाचे काय बिघडले? हा प्रश्न आम्ही केवळ कलावंतांना विचारीत नाही. आपल्या प्रत्येक कुटुंबापुढे तो उभा आहे.

निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात परमेश्वर बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन पाचारण करतो आणि सोने, रुपे, रत्ने व लाकूड यांवर काम करण्यासाठी त्याला आपल्या आत्म्याने भरून टाकतो. आत्म्याचे हे दान कारागिराच्या बोटांत उतरले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसरा चाकर धन्याचे द्रव्य उधळीत नाही, चोरीतही नाही. तो भितो आणि ते पुरून ठेवतो. एवढ्यावरूनच त्याला जाब द्यावा लागतो.

या संदर्भात एका चित्रकाराची कहाणी आपण अवश्य समजून घ्यावी. मध्य प्रदेशातील पाटनगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात राहणाऱ्या आपल्या गोंड व परधान बांधवांचेच ते आप्त म्हणावयाचे. यजमानांच्या घरी बाना वाजवून देवांच्या व पूर्वजांच्या गाथा गाणे हे परधानांचे परंपरागत कार्य. भोपाळचे भारत भवन १९८२ साली सुरू झाले. त्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पथकाला पाटनगढच्या एका भिंतीवर या तरुणाचे चित्र आढळले. त्यांनी त्याला भोपाळला बोलावले, हाती कागद व रंग दिले. पूर्वज ज्या देवांविषयी गात आले, ते देव ठिपक्यांच्या व बारीक रेघांच्या रूपाने कागदावर उमटू लागले.

पुढे जे घडले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. जनगढ यांचे पुतणे भज्जू श्याम भोपाळमध्ये रात्रीच्या पहाऱ्याची नोकरी करीत. काकांच्या चित्रांत ठिपके व रेघा भरता भरता त्यांचा स्वतःचा हात जागा झाला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्याची कला मनापासून पाहिली की ती आपल्याला प्रेक्षक म्हणून बसू देत नाही. आपल्याजवळ काय पडून आहे, हे ती विचारू लागते.

परंतु याच कहाणीला दुसरी, दुःखाची बाजू आहे. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करण्यासाठी गेलेल्या जनगढ यांनी तिथेच आपले जीवन संपविले. एखाद्याच्या अंतःकरणातील अंधाराचा निवाडा करणे आपल्याकडे नाही. त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणे आपल्याकडे आहे. तरी एक प्रश्न उरतोच. जगाला चित्रकार सापडला, पण माणूस सापडला होता काय? कलावंताचा शोध घेणे म्हणजे त्याच्या चित्रासह त्याचे घर, त्याची भाषा आणि त्याचे एकाकीपण यांचीही विचारपूस करणे होय. एवढी आस्था नसेल, तर आपल्या कौतुकाला खरेदीचेच रूप येते.

आपल्या ख्रिस्तसभेतही असे एक उदाहरण आहे. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि पवित्र मरियेला साडी नेसलेल्या भारतीय स्त्रीच्या रूपात रंगवू लागले. गोव्यातील अनेक भाविकांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याला आले, तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ चित्रे काढण्यात घालविला आणि १९६७ साली ते निवर्तले. भाविकांना खटकले ते काय? मरियेचा चेहरा त्यांच्या स्वतःच्या आईबहिणींसारखा होता, हेच! सुंदर व पवित्र ते दुरूनच येते, ही समजूत आपल्या हातांना निकामी करून टाकते.

कोणी म्हणेल, "फादर, दवाखाना जिथे कोसभर दूर, तिथे चित्रांची चैन कशाला?" आक्षेप रास्त आहे. भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला औषध हेच प्रथम दिले पाहिजे. पण आमच्या भागातील माउली घरात धान्य कमी असले तरी अंगण सारवते आणि रांगोळीची चार बोटे ओढते. गरिबीने तिचा हात थांबविला नाही. तो थांबतो तो लाजेने. सण आला की छापील फलक, साच्यातील पुतळे आणि बाजारचा गोठा आणला, म्हणजे आपली हौस भागते. आणि सुरेख सूप-टोपली विणणारा मनुष्य मात्र मागच्या बाकावर अवघडून बसलेला असतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली कलावंतांना पत्र लिहिले. सर्वांनाच विशेष अर्थाने कलावंत होण्याचे पाचारण नाही, तथापि आपले जीवन कलाकृतीप्रमाणे घडविण्याचे काम प्रत्येकावर सोपविलेले आहे, असा त्यातील आशय आहे. हे वचन पुष्कळदा आपण पळवाटेसारखे वापरतो. जीवन सुंदर करू, हातांचे पुढे पाहू! परंतु जीवन घडते ते हातांनीच. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या तीरावर शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी दगड कोरले, त्यांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. नाव राहील की नाही, याची वाट न पाहता त्यांनी छिन्नी चालविली.

म्हणून वाचकहो, आमचे उत्तर असे की बंधन आहे. मात्र ते ओझ्याचे नाही, कृतज्ञतेचे आहे. येत्या नाताळात गावातील बांबू विणणाऱ्या दादांना गोठ्यासाठी बोलवावे, त्यांना रास्त मोबदला द्यावा आणि मुलांसह त्यांच्याजवळ बसून दोन पाती आपणही विणाव्यात. विण वाकडी झाली तर होऊ द्यावी. ज्या बाळासाठी तो गोठा आहे, ते सुताराच्या घरी वाढले. नवशिक्या हाताची वाकडी वीण त्याला परकी वाटणार नाही.